वीस चुडांचा हिशेब

"रोज बांधावरून चक्कर असते. कीड आली तर दिसेलच की! मग चूड मोजत बसायचं कशाला?" भाताच्या शेतीशाळेत हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. ज्याने जन्मभर भात पिकवला, त्याला पिकाकडे कसं बघायचं हे कोणी का शिकवावं? या प्रकरणात त्याचंच उत्तर शोधू. उदाहरण घेऊ आंबेगाव तालुक्यातल्या तळेघर परिसराचं. हंगाम भाद्रपद ते कार्तिक, म्हणजे भात पोटरीत आल्यापासून झोडणी होईपर्यंतचा.

१. बांधावरून काय दिसत नाही?

बांधावरून पिकाचा रंग दिसतो, लोळलेला भात दिसतो, वाळलेला चट्टा दिसतो. भाताच्या मुख्य किडी मात्र तिथून दिसत नाहीत. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतात. खोडकिड्याची अळी खोडाच्या आतच असते. लष्करी अळी दिवसा चुडात नाहीतर मातीच्या भेगांत दडते आणि रात्री लोंब्या कुरतडते. म्हणजे आपण ज्या वेळी चक्कर मारतो, नेमक्या त्याच वेळी ती लपलेली असते.

वाळलेला गोल चट्टा दिसला की आपण म्हणतो, "रोग आला." खरं तर तुडतुडे तिथे बऱ्याच आधीपासून असतात आणि त्यांच्या पिढ्या वाढून झाल्यावर चट्टा उठतो. चक्कर आपल्याला नुकसान दाखवते, मोजणी नुकसानाच्या आधीची अवस्था दाखवते.

दुसरी अडचण बांधाचीच. बांधालगत गवत असतं, उजेड जास्त मिळतो, वारा वेगळा लागतो. तिथलं पीक आतल्या पिकासारखं नसतं. फक्त कडेचे चूड बघून आख्ख्या खाचराबद्दल मत बनवलं तर ते चुकण्याचीच शक्यता जास्त.

२. आधी खाचर समजून घेऊ

तळेघर मंचर–घोडेगाव–भीमाशंकर रस्त्यावर, सह्याद्रीच्या माथ्याजवळ आहे. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला घोडेगाव-मंचरकडे उतरलं की तो झपाट्याने कमी होतो. म्हणून मंचरच्या बागायतीचा सल्ला तळेघरला जसाच्या तसा लागू पडत नाही, तालुका एकच असला तरी.

इथली शेती उताराची. भात खाचरात, नाचणी आणि वरई वरच्या वरकस जमिनीत. महादेव कोळी समाजाच्या या गावांत उतार फोडून, दगडाचे बांध घालून भातखाचरं काढण्याची जुनी सामूहिक रीत आहे. तिला पडकई म्हणतात. घरोघरची माणसं एकत्र येऊन आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबतात. डिंभे धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेने या कामाला बळ दिलं. २०१२ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

निरीक्षणाच्या दृष्टीने या रचनेतून दोन गोष्टी निघतात. एक, पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरतं आणि सोबत बारीक माती व खत नेतं. त्यामुळे एकाच शेतकऱ्याची वरची आणि खालची खाचरं वेगळी धरावी लागतात. दोन, हळवा, निमगरवा आणि गरवा असे तिन्ही भात शेजारी-शेजारी असतात. हळवा कापणीला येतो तेव्हा गरवा अजून निसवत असतो. कापलेल्या खाचरातली कीड मग शेजारच्या हिरव्या पिकात जाते. म्हणून नोंदवहीत तारखेबरोबर पिकाची अवस्थाही लिहायची: फुटवे, पोटरी, निसवण, दाणा भरणं, पक्वता. नुसती तारीख अपुरी पडते.

३. कुठले चूड मोजायचे?

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेल्यातला भात एकाच आधणात, एकाच आचेवर शिजलेला असतो, म्हणून तिथे एक शीत पुरतं. खाचरातला भात तसा नसतो. एका कोपऱ्यात पाणी साचतं, दुसऱ्यात शेणखताचा ढीग पडलेला असतो, तिसऱ्यावर झाडाची सावली असते. म्हणून इथे शितं जास्त लागतात आणि ती वेगवेगळ्या जागांहून घ्यावी लागतात.

सोपी पद्धत अशी: एकरभर भातात पाच जागा धरायच्या, चार कोपऱ्यांकडच्या आणि एक मधली. कोपऱ्याची जागा बांधापासून चार-पाच पावलं आत असावी. प्रत्येक जागी चार चूड, म्हणजे एकूण वीस. चूड डोळ्यांनी निवडायचे नाहीत. निवडायला गेलो की नजर आपोआप खराब चुडाकडे जाते किंवा झकास चुडाकडे. पावलं मोजायची, थांबायचं आणि पायाजवळचे चार चूड घ्यायचे. मोजणीचा वार ठरलेला असावा, वेळ सकाळची. खाचर दर आठवड्याला तेच, चूड मात्र नवे.

चूड बघण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी हात न लावता वरून बघायचं, कारण हलवलं की पतंग आणि चतुर उडून जातात. मग गुंडाळलेली पानं मोजायची. मग चूड दोन्ही हातांनी अलगद फाकवून बुंधा बघायचा, आणि शेवटी एक हलकी टिचकी. बुंध्यावरचे तुडतुडे पाण्यावर पडतात आणि तिरके चालू लागतात. ते तिथे मोजायला सोपे जातात.

४. काय मोजायचं?

*खोडकिडा.* मादी पतंग पिवळसर, पंखांवर एकेक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याकडे अंड्यांचा पुंजका घालते आणि तपकिरी केसांनी झाकते. अळी खोडात शिरून आतला गाभा खाते. फुटव्यांच्या काळात मधला पोंगा वाळतो, ओढला की सहज हातात येतो. ही गाभामर. निसवल्यावर हल्ला झाला तर लोंबी पांढरी, पोकळ आणि ताठ उभी राहते. ही पळींज. भरलेली लोंबी वजनाने वाकते, पळींज वाकत नाही.

*तपकिरी तुडतुडे.* बुंध्याशी घोळक्याने बसतात. दाट लागवड, साचलेलं पाणी आणि जादा युरिया त्यांना मानवतो. पीक गोल चट्ट्यांत जळाल्यासारखं होतं.

*पाने गुंडाळणारी अळी.* पानाच्या दोन्ही कडा जोडून नळी करते, आत बसून हिरवा भाग खरवडते. पानावर पांढरे पट्टे उमटतात.

*लष्करी अळी.* दाणे पिकत असताना येते, लोंब्या कुरतडून खाली पाडते. ती चुडावर मोजत नाहीत. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट टाकून आतल्या अळ्या मोजतात. २०१८ पासून भारतात मक्यावर गाजलेली अमेरिकन लष्करी अळी ती वेगळी. नावामुळे दोन्हींची गफलत होते आणि भातावर भलतंच औषध पडतं.

५. किती म्हणजे जास्त?

दोन अळ्या दिसल्या म्हणजे पीक गेलं असं नाही. ज्या संख्येच्या पुढे किडीचं नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त होऊ लागेल, त्याच्या थोडं अलीकडे एक रेघ आखलेली असते. तिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. रेघेच्या आत कीड असेल तर फवारणीचा पैसा वाया जातो. भातासाठी सर्वसाधारणपणे या पातळ्या धरतात:

– खोडकिडा: ५ टक्के गाभामर, किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज
– तपकिरी तुडतुडे: चुडामागे ५ ते १०
– पाने गुंडाळणारी अळी: चुडामागे २ नव्याने गुंडाळलेली पानं
– लष्करी अळी: चौरस मीटरला ४ ते ५ अळ्या

आता हिशेब करू. समजा वीस चुडांत मिळून २५० फुटवे आहेत आणि ९ फुटव्यांत गाभामर आहे. ९ भागिले २५०, गुणिले १०० म्हणजे ३.६ टक्के. रेघेच्या आत. फवारणी नाही. पुढच्या आठवड्यात २५० पैकी १६ निघाले, तर ६.४ टक्के. आता उपाय हवा. आकडा एकट्याने जेवढं सांगतो, त्याहून जास्त दोन आकड्यांमधली वाढ सांगते. आणि आकडा कुठल्या अवस्थेतला आहे तेही बघायचं. फुटव्यांच्या काळात एक फुटवा गेला तरी चूड दुसरा काढू शकतो. निसवणीनंतर गेलेली लोंबी भरून येत नाही.

राज्यभर हेच तत्त्व वापरणारा प्रकल्प म्हणजे क्रॉपसॅप, पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी, विशेषतः विदर्भात, धुमाकूळ घातला. त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषी विभागाने तो सुरू केला. त्यात काही प्लॉट हंगामभर तेच ठेवतात, काही दर फेरीला बदलतात. कायमच्या प्लॉटवरून किडीची वाढ कळते, बदलत्या प्लॉटवरून पसारा कळतो. एका गावातही ही दुहेरी पद्धत वापरता येते.

६. राखणदारांचीही मोजदाद

खाचरातला प्रत्येक किडा शत्रू नसतो. बुंध्याशी पळणारा कोळी तुडतुडे खातो. मिरीड नावाचा छोटा हिरवा ढेकूण त्यांची अंडी शोषतो. चतुर आणि टाचण्या उडते पतंग टिपतात, ढालकिडे मऊ किडी फस्त करतात. म्हणून नोंदवहीत दोन रकाने हवेत, किडीचा आणि मित्रकीटकांचा. ढोबळ नियम असा की दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर थांबायला हरकत नसते.

समजा वीस चुडांवर १४० तुडतुडे मिळाले, म्हणजे चुडामागे ७. पाच ते दहाच्या मधोमध. फवारायचं की नाही? आता दुसरा रकाना बघू. कोळी आणि मिरीड मिळून ८०, म्हणजे चुडामागे ४. सातास चार हे प्रमाण दोनास एकपेक्षा चांगलं आहे. निर्णय: फवारणी नाही. खाचरातलं पाणी तीन-चार दिवस काढायचं, युरिया द्यायचा नाही आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजायचं. मित्रकीटक वीसच असते, तर याच सात तुडतुड्यांवर निर्णय वेगळा झाला असता.

उतारावर पाणी काढणं मात्र एकट्याच्या हातात नसतं. वरच्याने सोडलेलं पाणी खालच्याच्या खाचरात उतरतं. म्हणून एका वळणावरच्या सगळ्या खाचरांनी एकाच वेळी पाणी उतरवायचं ठरवावं लागतं.

मित्रकीटक मारले तर काय होतं, याचा धडा भात पिकवणाऱ्या जगाने मोठी किंमत मोजून घेतला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करताना पीटर केनमोर यांना दिसलं, की फवारलेल्या शेतात तपकिरी तुडतुडे उलट वाढतात, कारण कोळी आणि इतर शिकारी आधी मरतात. इंडोनेशियात तुडतुड्यांनी भात उद्ध्वस्त केल्यावर १९८६ मध्ये तिथल्या सरकारने ५७ कीटकनाशकांना भातावर बंदी घातली. १९८९ पासून तिथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरू लागल्या. आठवड्यातून एकदा खाचरात उतरायचं, मोजायचं, चित्र काढायचं आणि चर्चा करून निर्णय घ्यायचा. आपल्याकडच्या शेतीशाळेचं मूळ तिथे आहे.

७. सापळा काय सांगतो, काय सांगत नाही

कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखी गोळी असते आणि त्या एकाच जातीचे नर पतंग त्यात येतात. खोडकिड्यावर नुसती नजर ठेवायला एकरी दोन सापळे पुरतात. गोळी पाकिटावरच्या मुदतीत बदलावी लागते, नाहीतर सापळा रिकामा राहतो आणि आपण समजतो कीड गेली.

प्रकाश सापळ्याकडे उजेडाला भुलणारं काहीही येतं. तळेघरला भीमाशंकर अभयारण्याचं रान जवळ असल्याने रानातले पतंगही येणार. म्हणून तो रात्रभर न ठेवता संध्याकाळनंतर दोन-तीन तास लावावा, आणि मोजताना पिवळा खोडकिडा, तुडतुडे असे रकाने वेगळे करावेत. सगळं मिळून 'शंभर किडे' अशी नोंद निरुपयोगी.

दोन्ही सापळे फक्त इशारा देतात. पतंग वाढले म्हणजे आता अंडीपुंज शोधायला खाचरात उतरायचं. सापळ्याच्या आकड्यावर थेट फवारायचं नाही.

८. माती कधी आणि कशी घ्यायची?

कापणी झाली, खाचर वाफशावर आलं, की मातीचा नमुना घ्यायची वेळ झाली. पुढचं खत पडायच्या आधी घेतलेला नमुनाच खरं सांगतो. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंतची एकसारखी चकती काढायची. सगळी माती घमेल्यात नव्हे, प्लास्टिकच्या कागदावर मिसळायची. जस्त-लोहासारखी सूक्ष्मद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडाचा स्पर्श टाळलेला बरा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत जायचं. बांध, शेणखताची जागा, झाडाखालची जागा आणि राब भाजलेली जागा वगळायची. राबाची राख पडलेली माती बाकीच्या खाचराबद्दल काहीच सांगत नाही.

वरचं आणि खालचं खाचर एका पिशवीत मिसळायचं नाही. पडकईने नवं काढलेलं खाचर असेल तर आणखी काळजी हवी. त्याच्या डोंगराकडच्या बाजूला माती खणलेली असते, तिथे मुरूम उघडा पडतो. बांधाकडच्या बाजूला भर पडलेली असते. एकाच खाचरात डोंगराकडचा भात पिवळट आणि बांधाकडचा हिरवागार दिसतो, त्याचं कारण बहुधा हेच. दोन बाजूंचे दोन नमुने घेतले तर शेणखत कुठे जास्त टाकायचं ते कळतं.

मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेच्या कार्डावर, बारा गोष्टी असतात. सुरुवातीला तीन बघाव्यात. सामू ६.५ ते ७.५ म्हणजे उदासीन; त्याखाली माती आम्ल. जोरदार पावसाच्या लाल मातीत चुना-मॅग्नेशियम धुऊन जातं, म्हणून ती आम्लतेकडे झुकते आणि स्फुरद लोहाशी बांधला जातो. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत म्हणजे कमी, पाऊण टक्क्याच्या वर म्हणजे भरपूर. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या आत असेल तर कमी.

आता माती आणि कीड एकाच वहीत का, ते स्पष्ट होईल. भात हिरवागार दिसावा म्हणून अंदाजाने युरिया टाकला, की पानं लुसलुशीत होतात. तुडतुडे, पाने गुंडाळणारी अळी आणि करपा तिघांनाही ते आवडतं. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातपद्धतीत याचा विचार आहे. गादीवाफ्यात तुसाची राख घालायची, म्हणजे रोपाला सिलिका मिळून खोड कणखर होतं. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा. आलटून-पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरावर लावणी करायची. आणि दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. खोल खोचलेलं नत्र उतारावरच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही, रोपाला सावकाश मिळतं.

९. प्रात्यक्षिक कशाला म्हणायचं?

शेताच्या तोंडाशी पाटी लावली आणि आत चांगलं पीक उभं राहिलं, एवढ्याने प्रात्यक्षिक होत नाही. शेजारी तुलनेचा पट्टा हवा: तोच वाण, त्याच दिवशीची लावणी, तीच पातळी, फरक फक्त एकाच गोष्टीचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेली इंद्रायणी एका बाजूला आणि घरचं बी दुसऱ्या बाजूला लावून एकीकडेच मोजणीप्रमाणे फवारलं, तर फरक बियाण्याचा की मोजणीचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

शेवटचा हिशेब उत्पन्नाचा. दोन्ही पट्ट्यांत ५ मीटर लांब, ५ मीटर रुंद चौकोन आखून कापायचा, झोडायचा आणि तोलायचा. समजा मोजणीच्या पट्ट्यात ९ किलो ओलं धान मिळालं, ओलावा २० टक्के. साठवणीचं धान १४ टक्क्यांचं धरतात. ९ गुणिले ८० भागिले ८६ म्हणजे सुमारे ८.४ किलो. एकरात असे १६२ चौकोन बसतात, म्हणजे एकरी साधारण साडेतेरा क्विंटल. नेमाने तीनदा फवारलेल्या पट्ट्यात याच ओलाव्याच्या हिशेबाने ८.६ किलो निघाले, तर फरक एकरी ३२ किलोचा. त्या धानाची किंमत आणि तीन फवारण्यांचा औषध-मजुरीसह खर्च शेजारी लिहा, उत्तर समोर येतं. ओलावा न बघता तोललं तर मात्र उशिरा कापलेला पट्टा विनाकारण हरतो. आणि एका खाचराच्या निकालावर गावाचं धोरण ठरवू नये. वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीवर मिळून चार-पाच जोड्या तरी हव्यात.

१०. वहीचं एक पान

प्रत्येक खाचराला एक पान पुरतं. वर खाचराचं नाव, पातळी, वाण, आवणीची तारीख आणि मातीच्या कार्डावरचे तीन आकडे. खाली दर आठवड्याला एक ओळ: पिकाची अवस्था, पाणी, गाभामर, तुडतुडे, गुंडाळलेली पानं, मित्रकीटक, निर्णय. 'काही केलं नाही' हाही निर्णयच आहे, तो कारणासकट लिहायचा. तळाशी उत्पन्न आणि खर्च. अडलं तर गावचे सहायक कृषी अधिकारी किंवा नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आहेच, पण त्यांच्याकडे जाताना हे पान सोबत न्यावं. "भातावर काहीतरी पडलंय" याला कोणी नेमका सल्ला देऊ शकत नाही. "दाणा भरतोय, चुडामागे सात तुडतुडे, चार मित्रकीटक, खाचरात पाणी आहे" याला देता येतो.

कापणी जमिनीलगत करावी आणि धसकटं नांगरून टाकावीत, कारण खोडकिड्याची अळी धसकटातच पुढच्या हंगामाची वाट बघते. पळींज कुठल्या खाचरात जास्त होती हे वहीत असेल, तर नांगर आधी कुठे घालायचा तेही ठरतं. पुढच्या ज्येष्ठात बियाणं काढायच्या आधी हीच पानं चार घरांनी एकत्र बसून वाचावीत. तुडतुडे दर वर्षी एकाच वळणात वाढत असतील, तर तिथे युरिया कमी करून लावणी विरळ करायची. लष्करी अळी गरव्यावरच येत असेल, तर त्या खाचरात निमगरवा वाण घेऊन बघायचा. हे निर्णय आवणीच्या आधी घ्यावे लागतात, आणि त्यासाठी लागणारे आकडे मागच्या शरदातच मोजून ठेवावे लागतात.